फ्लेक्सच्या दुकानातून युएक्सकडे : नाशिक न सोडता जमेल का?

रेघोट्या

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी नाशिकची, वय २४. उपयोजित कलेत बीएफए झालंय. शालिमारजवळच्या एका छपाईच्या दुकानात डिझायनर आहे. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, बेदाण्याच्या खोक्यांची लेबलं आणि निवडणुका जवळ आल्या की वाढदिवसाचे फ्लेक्स. एका फ्लेक्सवर तीस डोकी, आणि कुणाचं डोकं कुणापेक्षा मोठं दिसतंय यावरून रात्री अकराला फोन. कोरलड्रॉ आणि श्रीलिपी (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) झोपेतही चालवीन. पगार वेळेवर होतो, मालक सज्जन आहेत, तक्रार काही नाही. फक्त इथून पुढे काय, ते दिसत नाही.

कॉलेजातली एक मैत्रीण पुण्यात युएक्स (युझर एक्स्पिरियन्स, म्हणजे ॲप किंवा यंत्र वापरणाऱ्याचा अनुभव) डिझायनर म्हणून लागली. तिचं काम बघितल्यापासून हेच करायचं असं डोक्यात बसलंय. लोक नक्की कुठे अडतात ते शोधायचं आणि मग त्याप्रमाणे मांडणी करायची, हे मला फार आवडलं. यूट्यूबवर बघून फिग्मा (स्क्रीनचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी शिकले. आता एका क्लासवाल्यांनी सहा महिन्यांचा कोर्स सांगितलाय, फी दीड लाख, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. बाबा प्रेसमधून रिटायर झालेत. ते म्हणतात, पैसे देतो, पण नोकरी लागेल ना? आईचं म्हणणं, चित्रकला शिक्षकांच्या जागा निघतात त्या बघ.

दीड लाख घालावेत का? पोर्टफोलिओत काय ठेवू, कारण दाखवायला माझ्याकडे सगळे फ्लेक्सच आहेत? आणि पुण्याला गेल्याशिवाय हे होतच नाही का? घरच्या अडचणींमुळे निदान वर्षभर तरी नाशिक सोडता येणार नाही.

उंटावरचा शहाणा

रुमाल टाकून ठेवतो.

अवांतर: तीस डोक्यांच्या फ्लेक्सवर कुणालाही न दुखावता मांडणी करणारी व्यक्ती कुठल्याही कंपनीच्या मीटिंगमध्ये टिकेल.

अपडाऊन

स्वागत. मी मुंबईत एका वित्तीय कंपनीत प्रॉडक्ट डिझायनर आहे. आठवड्यातून दोनदा पंचवटी एक्स्प्रेसनं नाशिक-मुंबई अपडाऊन, बाकीचे दिवस घरून.

दीड लाख घालू नकोस. सगळेच कोर्स टाकाऊ असतात असं नाही, पण त्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा पोर्टफोलिओ एकाच साच्यातला असतो. आमच्याकडे ज्युनियरच्या जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो. त्यात निम्म्या जणांनी जेवण मागवायचं ॲप सुधारून दाखवलेलं असतं, उरलेल्यांनी ध्यानधारणेचं. पहिल्या पानावर नमुन्याची वापरकर्ती: प्रिया, वय २६, बंगळुरू, कॉफीची आवड. ही प्रिया कुणालाही कधीही भेटलेली नसते. मग रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या भिंतीचा फोटो, मग दोन हिऱ्यांची ती आकृती (डबल डायमंड: आधी प्रश्न शोधा, मग उत्तर) आणि शेवटी चकचकीत स्क्रीन. ती आकृती ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलनं लोकप्रिय केली, तिच्यात खोट काही नाही. पण ती काढली म्हणजे विचार केला, असं होत नाही.

मी अर्ज बघताना एकच गोष्ट शोधतो. या मुलानं किंवा मुलीनं खऱ्या माणसाला खरं काम करताना पाहिलंय का, आणि ते पाहून आराखडा बदलला का? पहिला आराखडा कसा होता, मग काय दिसलं आणि त्यामुळे काय काढून टाकलं, एवढं नीट लिहिलेली एक केस स्टडी मला दहा चकचकीत स्क्रीनपेक्षा जास्त सांगते.

अभ्यासासाठी गूगलचा युएक्सचा सर्टिफिकेट कोर्स कोर्सेरावर आहे, परवडत नसेल तर आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसीचं, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागाचं, डी'सोर्स हे संकेतस्थळ तर फुकटच आहे. यातून नोकरी लागत नाही, पण मुलाखतीत समोरचा काय बोलतोय ते कळतं.

घोटाळेराव

आयडीसीचा विषय निघालाच आहे तर सीईईडी द्या की, एमडेसची (डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीची) प्रवेश परीक्षा. तिथे एमडेस करून आलेल्याला कोण विचारणार नाही?

अपडाऊन

चांगला रस्ता आहे, नाही म्हणत नाही. बीएफएवर सीईईडीला बसता येतं, वयाची अट नाही, परीक्षा जानेवारीत असते. एक भाग संगणकावर आणि एक कागदावर हातानं, त्यात तिचा हात कामी येईल. पण पुढची दोन वर्षं पवईत राहावं लागेल, आणि तिला सध्या नाशिक सोडता येत नाहीये. शिवाय तयारीचे आणि कामाचे दिवस एकत्र चालू शकतात. हे सोडून ते, असं नाही.

मृगजळ

मी युएक्स रिसर्चर, सध्या पुणे, माहेर नाशिकचं सिडको. अपडाऊन यांच्याशी बऱ्यापैकी सहमत. थोडी भर घालते.

ही विद्या चित्रकारांकडून आलेली नाही. १९९०च्या दशकात ॲपलमध्ये 'युझर एक्स्पिरियन्स' हे बिरुद पहिल्यांदा लावून घेणारा डॉन नॉर्मन हा मूळचा मानसशास्त्राचा माणूस. त्यामुळे हात चांगला असणं हा बोनस, काम सगळं कानाडोळ्यांचं. म्हणजे कानाडोळा न करण्याचं. :)

रेघोट्या, तुझ्या नात्यात कुणी शेती, दुकान, दवाखाना, असं काही करतं का? जिथे तुला दारात उभं करून विचारणार नाहीत की तू कोण? पहिलं काम तिथून उचल.

सातपूरकर

मी डिझाइनमधला नाही. सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. हे युएक्स म्हणजे मोबाइलचं ॲप एवढंच समजून चर्चा चाललीय म्हणून लिहितो.

आमच्या लाइनवर एका मशिनला टच पॅनल आला. 'सायकल स्टार्ट' आणि 'अलार्म रिसेट' शेजारी शेजारी, दोन्ही करडे, दोन्ही सारख्याच आकाराचे. ऑपरेटरच्या हातात तेलकट हातमोजे. पॅनल बनवणाऱ्यानं एसीत बसून माउसनं तपासलं असणार. शेवटी आमच्या पोरांनी पॅनलच्या कडेला मार्करनं बाण काढला आणि लाल इन्सुलेशन टेपचा तुकडा डकवला. सुटला प्रश्न. इमर्जन्सी स्टॉपचं बटण पिवळ्यावर लाल, कुत्र्याच्या छत्रीसारखं का असतं? घाबरलेल्या माणसाला न वाचता तळहातानं दाबता यावं म्हणून. ते आयएसओच्या आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये लिहिलेलं आहे. बाकी पॅनलवर मात्र ज्याची त्याची मर्जी.

सातपूर-अंबडला असे पॅनल बनवणारे छोटे उद्योग आहेत. त्यांच्याकडे प्रोग्रामरच स्क्रीन काढतो. ताई, तिथेही डोकावा. कोणी 'युएक्स पाहिजे' अशी जाहिरात देणार नाही, पण गरज आहे.

मृगजळ

सातपूरकर काका, तो मार्करचा बाण सोन्यासारखा आहे. आम्ही जिथे जातो तिथे पहिल्यांदा असंच काहीतरी शोधतो, म्हणजे डकवलेली चिठ्ठी, बांधलेली दोरी, पेननं गिरवलेलं. जिथे माणसानं स्वतः जुगाड केलंय तिथे डिझाइन तोकडं पडलंय.

रेघोट्या

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. काका, तुमचा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला, ते खूश झाले.

मृगजळ, माझ्या मामांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, थॉम्पसन, एक्स्पोर्टची. फवारणीची सगळी नोंद ठेवावी लागते. कुणीतरी त्यांना त्यासाठी एक ॲप दिलंय, पण मामा ते उघडत नाहीत, वहीतच लिहितात. मामेभाऊ म्हणतो, 'बाबांना मोबाइल जमत नाही.' पण मामा व्हॉट्सॲपवर बाजारभाव, हवामान, कीर्तन सगळं बघतात!

मृगजळ

हीच तुझी केस स्टडी. 'जमत नाही' हे वाक्य कुणी म्हटलं की तिथे खणायचं.

जाताना लॅपटॉप नेऊ नकोस. फिग्मा उघडायची तर अजून वेळच आलेली नाही. 'मामा, तुम्हाला कसं ॲप पाहिजे?' हा प्रश्न विचारलास तर मामा भाचीला बरं वाटेल असं उत्तर देतील. फवारणी चालू असेल त्या दिवशी जा, मध्ये मध्ये करू नकोस, आणि नोंद प्रत्यक्षात कधी, कुठे, कशावरून होते ते बघ. नंतर वही समोर ठेवून विचार, 'ही ओळ लिहिली तेव्हा काय झालं होतं?' झालेल्या गोष्टीबद्दल माणूस खरं बोलतो.

रेघोट्या

जाऊन आले. लांबलचक लिहितेय, कंटाळा आला तर सोडून द्या.

गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) झालीय, वेलींवर नवी फूट आहे आणि मध्येच पाऊस पडून गेल्यामुळे डाउनी या रोगाची भीती. त्यामुळे फवारणी सतत चालूच. ब्लोअर (फवारणीचं यंत्र) सालगडी चालवतात, औषध तेच कालवतात. मामा बांधावर. औषध टाकीत ओतलं की रिकामी बाटली किंवा पुडा सालगडी फेकून देत नाहीत, विहिरीजवळच्या ओट्यावर ओळीनं मांडून ठेवतात. आधी मला वाटलं, कचरा नंतर उचलणार असतील. संध्याकाळी मामा हातपाय धुऊन वही घेऊन ओट्यावर बसले आणि एकेक बाटली उचलून, लेबल वाचून लिहायला लागले. लिहून झालेली बाटली आडवी करायची, राहिलेली उभी. सगळ्या आडव्या झाल्या की नोंद संपली. म्हणजे दिवसभराची नोंद वहीत नसतेच, ती ओट्यावर असते.

वहीत तारीख आहे, पण अगदी बारीक, कोपऱ्यात. मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं 'दिवस १८', 'दिवस २१'. छाटणीपासूनचे दिवस! आणि प्रमाण लिहिलेलं 'दोनशे लिटरला अमुक मिली'.

मग मी ते ॲप उघडून बघितलं. पहिल्याच स्क्रीनवर इंग्रजी कॅलेंडर. मग औषधाचं तांत्रिक नाव एका लांबलचक यादीतून शोधायचं, तेही इंग्रजीत. मग प्रमाण, हेक्टरी ग्रॅममध्ये. आणि हे सगळं फवारणी करतानाच भरायचं, अशी ॲपची अपेक्षा. मामांना मी म्हटलं, भरून दाखवा. त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि मलाच विचारलं, 'आज कितवा दिवस? एकविसावा ना?' स्क्रीनवर २१ तारीख दिसत होती, ती त्यांनी दाबली. त्या दिवशी तारीख ४ होती.

निफाडचा पाव्हणा

स्वतः बागायतदार. पोरीनं बरोब्बर पकडलं. आम्ही छाटणीपासूनचे दिवसच बोलतो. शेजाऱ्याला कुणी विचारत नाही आज तारीख काय, 'तुमचा कितवा दिवस?' असंच विचारतात. आणि एकाच शेतकऱ्याचे दोन प्लॉट असले, दोन वेळेला छाटलेले, तर एकाच तारखेला एकाचा पंचविसावा आणि दुसऱ्याचा पंधरावा. ते पण ध्यानात घ्या.

पीएचआयचं काय केलं? तोडणीच्या किती दिवस आधी औषध बंद करायचं ते एक्स्पोर्टला पाळावंच लागतं, नाहीतर सॅम्पलमध्ये अवशेष सापडले की माल अडकला. तिथे मात्र आम्ही उलटं मोजतो, तोडणीकडून मागे.

रेघोट्या

दोन प्लॉटचं डोक्यातच आलं नव्हतं, मामांचा एकच आहे. म्हणजे सुरुवातीला पुढे मोजायचं आणि शेवटी मागे. वहीत शेवटच्या पानांवर मामांनी दिवसांऐवजी आकडे लाल पेननं उतरते लिहिलेत, ते आत्ता कळलं कशाचे ते!

मृगजळ

बघ, वही किती बोलते. आता कागदावर काढ. दुकानात कार्डबोर्ड असेल, मोबाइलच्या आकाराचं कापून त्यावर पेन्सिलनं. मामांच्या, सालगड्यांच्या, शेजाऱ्यांच्या हातात दे आणि म्हण, कालची फवारणी यात भरा, काय करताय ते बोलत बोलत करा. तू गप्प बस. अवघड जाईल, तरी गप्पच.

किती लोक, असा प्रश्न पडेल. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांकडून तपासून घेतलं तर वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. त्यावर वाद पुष्कळ आहेत. पण त्यांचं खरं म्हणणं होतं, पंधरा जणांना एकदम बसवण्यापेक्षा पाच जण, दुरुस्ती, पुन्हा पाच जण. तेवढं लक्षात ठेव. आणि पाच जणांवरून 'साठ टक्के शेतकऱ्यांना आवडलं' असं कृपा करून लिहू नकोस.

अपडाऊन

स्क्रीन काढशील तेव्हा बागेत उन्हात उभी राहून बघ. फिकट करड्या अक्षरांची फॅशन आहे, उन्हात ती पार गायब होतात. साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट हवा, हा डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा नियम. बटणासाठी अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात ४८ डीपी (स्क्रीनवरचं माप) सांगितलंय, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. ओल्या बोटांसाठी मी त्याहून मोठंच घेईन.

बोरूबहाद्दर

आयुष्यभर उपयोजित कला शिकवली, आता निवृत्त. माझ्या पिढीला संगणक उशिरा आला, पण या चर्चेत अक्षराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून दोन शब्द.

रेघोट्या, तुझं भांडवल देवनागरी आहे. ॲपवाले इंग्रजीसाठी ओळींमधलं अंतर ठरवतात आणि त्याच चौकटीत मराठी कोंबतात. मग वरची वेलांटी आणि रफार कापले जातात, खालचे उकार पुढच्या ओळीत घुसतात. आपल्याला शिरोरेखेच्या वर आणि अक्षराच्या खाली, दोन्हीकडे जागा लागते. पत्रिका करताना तू हे न सांगता करत असशील. विंडोजमधला मंगल फॉन्ट करणारे र. कृ. जोशी मूळचे सुलेखनकार आणि आयडीसीत शिकवणारे, हे किती जणांना माहीत असतं? आज 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट फुकट मिळतात, छोट्या आकारात 'मुक्त' चांगला वाचता येतो. श्रीलिपीचा जुना मजकूर तसाच ॲपमध्ये चालणार नाही, युनिकोडची (सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांची) सवय लावून घे.

कोथिंबीरवडी

सगळं छान आहे, पण आता एआयला दोन ओळी सांगितल्या की स्क्रीन तयार होते. मग या पोरीनं यात कशाला पडायचं? प्रामाणिक शंका, खवचटपणा नाही.

अपडाऊन

प्रामाणिक उत्तर: नुसत्या स्क्रीन काढणाऱ्यांची पंचाईत आहे, आणि ज्युनियरच्या जागा आमच्याकडेही आधीपेक्षा कमी निघतात. हे लपवण्यात अर्थ नाही. पण एआयला फवारणी नोंदीचं ॲप काढ म्हणा, तो कॅलेंडर देईल. ओट्यावरच्या बाटल्या त्याला कुठून दिसणार?

रेघोट्या

कार्डबोर्डची चाचणी झाली. माझी कल्पना अशी होती की प्रत्येक बाटलीचा फोटो काढायचा आणि संध्याकाळी त्या फोटोंवरून नोंद पुरी करायची. सालगड्यांनी कार्डबोर्ड हातात घेतलं, ओट्यासमोर उभे राहिले आणि सगळ्या बाटल्यांचा मिळून एकच फोटो काढल्याचा अभिनय केला. पुढच्या बाटलीचं बटण त्यांनी दाबलंच नाही. 'एवढं कोण काढत बसंल, ह्यात सगळ्या आल्या की.' आल्याच होत्या.

म्हणून आता एक फवारणी, एक फोटो. वर मोठ्या आकड्यात छाटणीपासूनचा दिवस, प्लॉटप्रमाणे. मामा फोटोतल्या एकेका बाटलीवर बोट ठेवून प्रमाण भरतात, भरलेली बाटली आडवी होते. हा आडवं होण्याचा भाग मामांना इतका आवडला की ते शेजाऱ्यांना कार्डबोर्ड दाखवत फिरतायत.

मृगजळ

जमलं. आता जसं घडलं त्याच क्रमानं लिही. तुझी पहिली कल्पना आणि तिचं सालगड्यांनी काय केलं हे अजिबात गाळू नकोस, मुलाखतीत त्यावरच सर्वांत जास्त बोलणं होईल.

अर्ज कुठे, तर पुण्या-मुंबईच्या घरून काम देणाऱ्या कंपन्या आहेतच. पण मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपन्या, सातपूरकर काकांनी सांगितलेले पॅनलवाले, यांनाही थेट मेल कर. आणि नाशिकमध्ये या गोष्टींची अगदीच वानवा नाही. २०१५च्या सिंहस्थाच्या वेळी कुंभथॉन (कुंभातल्या अडचणींवर तंत्रज्ञानानं उपाय शोधायचा उपक्रम) झालं, एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, मूळ नाशिकचे, त्यात पुढे होते. गर्दी मोजायला पावलं मोजणारी चटई तिथून आली. पुढे टीसीएस फाउंडेशननं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे नवकल्पनांचं केंद्रही नाशिकमध्येच काढलं. आता परत सिंहस्थ तोंडावर आहे, पाट्या, वाटा, घोषणा, बघण्यासारखं रामकुंडापासून तपोवनापर्यंत पसरलेलं असेल.

रेघोट्या

क्लासवाल्यांना नाही कळवलं. बाबा म्हणाले, त्यातल्या थोड्या पैशांत चांगला लॅपटॉप घे.

शेवटचा प्रश्न. वहीच्या पानांचे आणि ओट्याचे फोटो केस स्टडीत टाकले तर चालतील का? मामा म्हणतात, टाक बिनधास्त.

मृगजळ

मामा हो म्हणाले तरी फोटो कुठे जाणार, कोण बघणार ते त्यांना दाखवून मग विचार. सालगड्यांनाही वेगळं विचार, त्यांचा होकार मामांनी द्यायचा नसतो. नावं, गट नंबर, मोबाइल नंबर झाक. चेहरे नकोतच, हात पुरेत.

निफाडचा पाव्हणा

औषधांची नावं अन् प्रमाण पण झाका बरं का. मामा भोळे आहेत. एक्स्पोर्टवाल्याचं शेड्यूल असं फुकटात मिळालं तर आख्खा तालुका झूम करून वाचंल. मी तर पहिला.

उंटावरचा शहाणा

रुमाल उचलतो.